अष्टमीचा तास

नयना,

आज सोमवार, अष्टमी. तास झाला.

हे सगळ्यात आधी सांगायला हवं, कारण दवाखान्यात तू मला नीट विचारलेलं शेवटचं हेच होतं. "अष्टमीला अंगणात उभा राहशील ना रे?" मी म्हणालो, "बघतो." तू डोळे मिटलेस आणि मिटल्या डोळ्यांनीच हसलीस. "परांजपे, तुझ्या ह्या 'बघतो'वर कोणीतरी पीएच.डी. करायला पाहिजे." तेवढ्यात नर्स आली, वेळ संपली म्हणाली, मी उठलो. नंतर तू बोलायच्या अवस्थेत राहिली नाहीस. म्हणजे इतक्या वर्षांच्या आपल्या बोलण्यातला माझा शेवटचा शब्द 'बघतो' हा झाला. तीन आठवडे तो घशात काट्यासारखा अडकून बसलाय. आयुष्यात मासा न खाल्लेल्या माणसाच्या घशात काटा! तू असतीस तर यावर दोन दिवस हसली असतीस आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या आईला सांगितलं असतंस.

कॉलेजातल्या शोकसभेत मी बोललो नाही. लोकांना वाटलं, दुःखामुळे. खरं म्हणजे भांडण झालं असतं म्हणून. तिथे तुझ्या पदव्या वाचल्या, नोकरीची वर्षं मोजली, 'समाजाशी नाळ जोडणाऱ्या' वगैरे म्हणून झालं. तुला हा शब्द मुळीच आवडायचा नाही ते मला ठाऊक आहे. "नाळ जन्माला आल्यावर कापतात रे," असं तू एका उद्घाटनाला पाहुण्यांच्या देखत म्हणाली होतीस. मला त्या सभेत उठून एवढंच सांगायचं होतं की, ह्या बाईने आपल्याला कॅलेंडर वाचायला शिकवलं. पण ते कोणाला कळलं असतं?

मलाही ते सहज कळलं नव्हतं. पार्ल्याच्या आमच्या घरी आई होती तोवर तिथ्या पाहिल्या जायच्या, त्या साबुदाणा भिजवायचा की नाही हे ठरवायला. तिथीप्रमाणे समुद्र चढतो-उतरतो आणि त्यावर जिवंत माणसांचा आठवडा बेतलेला असतो, हे मला तोंडावर आपटल्यावर समजलं.

तुझ्या समाजशास्त्राच्या मुलांना तू पहिल्यांदा कोळीवाड्यात न्यायचं ठरवलंस ते वर्ष. तुझंच गाव, तुझंच घर, अंधेरीच्या बसच्या शेवटच्या थांब्यापासून चार गल्ल्या आत. प्रश्नावली तपासायला संख्याशास्त्रवाला म्हणून मी. ऐन वेळी तू परीक्षेच्या कामात अडकलीस आणि मुलांना घेऊन मी एकटा गेलो. शनिवारी, कॉलेजच्या सोयीने. नेमकी पौर्णिमा. पुरुष बोटींवर, बायका धक्क्यावर मासळी निवडण्यात कोपरापर्यंत बुडालेल्या. आम्ही दारोदार फिरलो. दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा सोडला तर कोणी आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मुलांनी अहवालात लिहिलं, 'रहिवाशांचा सहभाग अत्यल्प, वृत्ती उदासीन.' मी शेजारी बरोबरची खूण केली.

ते वाक्य तू स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलंस. "उधाणाच्या दिवशी जाऊन तडमडलात आणि उदासीन आम्ही? अरे, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणी तुझ्या दारात प्रश्नावली घेऊन उभा राहिला, तर तुझी बायको त्याला चहा देईल का रे?"

मग पाठकोऱ्या कागदावर तू मला समुद्र काढून दाखवलास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाण्याला जोराची ओढ, तेव्हाच प्रवाहात रोवलेली डोलीची जाळी भरतात आणि सगळा वाडा कामाला जुंपलेला असतो. अष्टमीच्या सुमाराला भांग. पाणी मंद, बोटी किनाऱ्याला, पुरुष जाळी शिवत बसलेले, बायकांनाही दुपारी पाठ टेकायला उसंत. "आमचा रविवार अष्टमीला येतो," तू म्हणालीस. "बोलायचंय ना लोकांशी? मग त्यांच्या रविवारी जाऊ."

वेळापत्रकात 'वार' या शब्दाखाली 'अष्टमी' लिहिणारी तू एकटीच असशील. तेव्हाचे प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हे कॉलेज आहे, देऊळ नाही." तू अगदी नम्रपणे म्हणालीस, "शनिवारही चालेल सर. फक्त भरतीलाही शनिवारी यायला सांगा." मी शेजारी बसून बुटांकडे बघत होतो. पण त्या सत्रापासून तास अष्टमीला सुरू झाला.

दुसरा नियम तू त्याच वर्षी आणलास, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड होता. मुलांनी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यासमोर ते आधी वाचायचं. त्यांच्या अंगणात, मराठीत, उभं राहून. ऐकणारे चटईवर बसणार, शिक्षकांना खुर्ची नाही. ऐकणाऱ्यांनी हो म्हटलं तरच अभ्यास परीक्षकाकडे जाणार. नाही म्हटलं तर दुरुस्त करून पुढच्या अष्टमीला पुन्हा उभं राहायचं. मी तेव्हा तुला म्हणालो होतो की हे अति होतंय. लोकांना संशोधनातलं काय कळतं, असं माझ्या तोंडून अर्धं बाहेर पडलं आणि अर्धं मी गिळलं. तू ते अर्धं ऐकून म्हणालीस, "त्यांना स्वतःबद्दल कळतं. तुझ्या डॉक्टरला तुझं पोट कळतं, पण दुखतं कुठे ते तुलाच विचारतो ना?"

मग ते पसरलं. वाकोल्यात तिथीचा उपयोग नव्हता, तिथे नळाची वेळ पाळायची. पाणी भरून झालं की गल्लीच्या तोंडाशी बायका बसायच्या आणि वाणिज्यची मुलं त्यांच्याच बचत गटाबद्दल लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायची. रसायनशास्त्रातली तरुण पोरं, म्हणजे शिक्षकच, पण आपल्या वयाला पोरंच, खाडीचं पाणी तपासून आली आणि ते आकडे घेऊन तुझ्या अंगणात घामाघूम होऊन उभी राहिली. "पाणी वाईट हाय ते आमाला पन माहीत. कुठून वाईट होतं ते सांगा," असं तुझ्या पारूकाकीने त्यांना ठणकावलं. ती पोरं परत गेली, खाडीच्या वरच्या अंगाला चालत गेली, दोन भांगांनी परत आली. त्यातला एक जण मला परवा म्हणाला, "सर, मी प्रयोगशाळेत इतका कधी घाबरलो नव्हतो, आणि इतकं शिकलोही नव्हतो." मी ते तुला सांगायला फोन हातात घेतला. नंबर लावेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

तुझी पदोन्नतीची मुलाखत आठवते. माझी त्याच्या आदल्या वर्षी झाली होती. माझे लेख होते, जाडजूड, मोजण्यासारखे. तुला विचारलं, "तुमचं संशोधन कुठे प्रसिद्ध झालंय?" आणि तू म्हणालीस, "अंगणात." समितीतले लोक हसले म्हणे. तूही हसलीस, आणि हसत हसतच खाली येऊन मला हे सांगितलंस. पद मिळालं नाही. मी 'प्रोफेसर परांजपे' झालो आणि तू होतीस तिथेच राहिलीस. त्या पाटीचं ओझं मला कायम वाटत आलं. बोलायला लागलो की तू म्हणायचीस, "गप रे. तुला अपराधी वाटून घ्यायचा छंद आहे. दुसरा एखादा छंद लाव. कॅरम खेळ."

म्हणून तर मी मार्कांच्या मागे लागलो होतो. हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या अभ्यासक्रमाला अधिकृत क्रेडिट मिळावेत, तो निकालपत्रात दिसावा, म्हणजे निदान मुलांच्या पदवीत तरी तुझ्या अंगणाची नोंद होईल, हा माझा आतला हिशेब होता. तुझ्यापुढे मी कारण वेगळं द्यायचो. कारण खोटं नव्हतं. मेडिकलच्या दुकानात काम करून शिकणारा तो मुलगा तुला आठवत असेल. दोनदा आला आणि मग येईना. तू त्याला बोलावून विचारलंस. तो म्हणाला, "मॅडम, मला फार आवडतं. पण बिनमार्कांचं मला परवडत नाही."

तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी आलीस ती भांडायच्या तयारीने.

"मार्क लावलेस की मार्कांसाठी येतील."

"येऊ देत की. आल्यावर शिकतील."

"फोटो काढतील. म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून. प्रमाणपत्र मागतील."

"आणि मार्क नसले तर फक्त तीच मुलं येतील ज्यांच्या बापाकडे पैसे आहेत. तुला तसली चालतात का?"

"नाही चालत. पण म्हणून समुद्राला पण ग्रेड देऊ का? बी प्लस?"

हा वाद आपण किती वर्षं घातला? कँटीनमध्ये, परीक्षेच्या सुपरव्हिजनला वर्गाच्या दोन टोकांना उभं राहून खुणांनी, तुझ्या केमोथेरपीच्या खुर्चीशेजारी बसून. मग वरूनच नवं धोरण आलं. सगळ्या कॉलेजांत मुलांनी समाजात जाऊन शिकावं, त्याला क्रेडिट मिळावेत. तू ज्यासाठी तीन प्राचार्यांशी भांडलीस ते सक्तीचं झालं. मी पेढे आणले. तू पेढा खाल्लास आणि म्हणालीस, "आता बघ गंमत."

गंमत झालीच. गर्दी झाली. काही मुलं पहिल्या दिवशी 'सेल्फी कुठे काढायची' विचारत आली. ऑफिसातून निरोप येऊ लागले, पुराव्यासाठी प्रत्येक भेटीचे फोटो जोडा. तू फक्त माझ्याकडे बघायचीस. तुझं ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

पण त्याच गर्दीत प्रतीक्षा आली. घाटकोपरच्या डोंगरउतारावरची. सकाळी एका डबेवालीकडे पोळ्या लाटून कॉलेजला येते. पहिल्या आठवड्यात तिने मला स्पष्ट सांगितलं, "सर, आईला मी सांगितलंय की ह्याचे मार्क आहेत, म्हणून तिने येऊ दिलं. नाहीतर ती म्हणाली असती, कोळीवाड्यात कशाला फिरते, घरात बस." हे मला तुला सांगायचं होतं. वादातला माझा हुकमाचा पत्ता होता तो. पण तेव्हा तुझ्या रक्ताचे रिपोर्ट पुन्हा वाईट आले आणि मला जिंकायची लाज वाटली.

आता गेल्या शुक्रवारचं सांगतो. तुझं तेरावं होऊन आठवडाही झाला नव्हता. नव्या प्राचार्य मॅडमनी वेळापत्रकाची बैठक बोलावली. वाईट नाहीत त्या, घाईत असतात इतकंच. म्हणाल्या, "परांजपे सर, नयना मॅडम होत्या तोपर्यंत ठीक होतं. आता हा तास शनिवारी घेऊ. आणि ते अंगणात मंजुरी वगैरे... मुलांचे क्रेडिट अडकतात. तेवढं काढून टाकू." टेबलाभोवती सगळे माझ्याकडे बघत होते. मी 'बघतो' म्हणणार होतो. तो शब्द ओठांवर आला, आणि समोर तुझा चेहरा दिसला.

मी म्हणालो, "शनिवार चालेल मॅडम. फक्त भरतीलाही शनिवारी यायला सांगा."

तुझं वाक्य चोरलं. तुझं नावही घेतलं नाही, माफ कर. कोणीतरी खुदकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सोमवारी तुमची अष्टमी आहे ना? मी येते. स्वतः बघते आणि मग ठरवू."

म्हणजे आजच्या एका तासावर तुझी सगळी वर्षं टांगलेली होती. तू गेल्यावर चौथ्या दिवशी आलेली अष्टमी चुकली होती. इतक्या वर्षांत चुकलेली ती पहिली. तुझं अंगण सुतकात होतं. मी काल तुझ्या आईला विचारायला गेलो, की दुसऱ्या कोणाच्या अंगणात घेऊ का. ती बोंबील उलटे करत होती. वर न बघता म्हणाली, "का? ह्या अंगनाला काय झालं?"

चार वाजता आम्ही उभे राहिलो. म्हणजे प्रतीक्षा आणि मुलुंडचा निहार. प्राचार्य मॅडम चटईवर बसल्या, आधी साडी सावरत, नाकाला रुमाल लावून. अंगणाच्या पलीकडे वलांड्या, म्हणजे बांबूंच्या रांगा, त्यांवर टांगलेले बोंबील, वारा आला की सगळे एकदम हलत होते. पुरुष भिंतीशी जाळी शिवत. बायकांत पुढे पारूकाकी, मांडीवर तिची मांजर.

मुलांचा अभ्यास ह्याच वाळवणाच्या जागेचा. शहराच्या नकाशात ती नुसती 'मोकळी' दाखवली आहे. मुलांनी ती कशी मोकळी नाही हे दाखवणारा नकाशा केला होता. चादरीएवढा कागद अंगणात पसरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. कोणत्या महिन्यात कुठे बोंबील, कुठे जमिनीवर जवळा, जाळी कुठे पसरतात, लग्नाचा मांडव कुठे पडतो. आणि प्रत्येक वलांडीवर, ती जिची तिचं नाव, मंजुरी होईपर्यंत पेन्सिलने. सुंदर काम होतं. निहार बोलला, प्रतीक्षाने दाखवलं. मला वाटलं, सुटलो.

पारूकाकी वाकून बघत होती. "इथं काय लिवलंय?"

"तुमचं नाव, मावशी. ही तुमची वलांडी."

"माजी कशी? आता तिथं शेवंतीचे बोंबील हायत. तिच्या पोरीचं लगीन ठरलंय, तिला जास्त लागतात. पावसाच्या आधी मना परत देल."

"पण मावशी, तुम्हीच सांगितलंत मागच्या महिन्यात..."

"मागच्या महिन्यात व्हती माजी. आमी बोलून घेतो रं आपसात. तू हे शाईनं लिवलंस, तर उद्या माजीच सून हा कागद घेऊन शेवंतीच्या दारात भांडायला जाईल."

"आई, माजं नाव कशाला?" मागून सून ओरडली. सगळं अंगण हसलं. मॅडमही हसल्या, रुमालाच्या आत.

निहार शहाणा मुलगा, तो लगेच म्हणाला, "मग नावं काढून टाकतो."

"नाही काढायची," प्रतीक्षा म्हणाली.

हसणं थांबलं. ती नकाशाच्या कडेला उकिडवी बसली.

"आमच्याकडे घाटकोपरला रस्ता रुंद करायचा होता, तेव्हा माणसं आली. म्हणाली, कोणाचं काय ते कागदावर दाखवा. ज्यांची नावं होती त्यांना खोली मिळाली. माझी आजी त्याच जागी म्हातारी झाली, पण तिचं नाव कशावरच नव्हतं. आम्ही अजून भाड्याने राहतो. मावशी, ह्या जागेला ते मोकळी म्हणतात. उद्या कोणी आलं तर काय सांगाल?"

"सांगू, सगळ्यांची हाय."

"आम्ही पण तेच सांगितलं होतं. सगळ्यांची म्हटलं की ते समजतात, कोणाचीच नाही."

भिंतीशी जाळं शिवणारा एक जण म्हणाला, "पोरगी बरोबर बोलते."

"तू जाळं शिव," पारूकाकी म्हणाली. पण तिचा आवाज खाली आला होता.

मग दोन तट पडले. नावं हवीत, नावं नकोत. शेवंती रडवेली झाली, की माझ्या पोरीच्या लग्नावरून हे सुरू झालं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. आणि मग पारूकाकीने तो प्रश्न विचारला ज्याला मी तीन आठवडे भीत होतो. "सर, नयनी असती तर काय बोलली असती?"

नयना, सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. तुझी आई दारात उभी होती. एक वाक्य पुरेसं होतं. 'नयना म्हणायची की...' आणि पुढे मी काहीही घातलं असतं तर ते मानलं गेलं असतं. नकाशा मंजूर झाला असता, मॅडम खूश झाल्या असत्या, तास वाचला असता. वाक्य तयारही होतं माझ्याकडे. चांगलं वाक्य होतं.

पण तू काय म्हणाली असतीस ते मला खरंच ठाऊक नव्हतं. ह्या अंगणात निकालाची वेळ आली की तू कधी काही बोललेलीच मला आठवेना. तू उठायचीस. पदर खोचून आत जायचीस, चहा टाकायला. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो पाहुणचार. आज, सगळ्यांचे डोळे माझ्यावर असताना, मला कळलं की तू तिथून मुद्दाम निघून जायचीस. तुझी जागा रिकामी करायचीस, म्हणजे बाकीच्यांना एकमेकांकडेच बघावं लागेल.

"मला नाही माहीत, पारूकाकी," मी म्हणालो. "मी चहाचं बघतो."

आणि आत गेलो. मॅडमचा चेहरा बघायची हिंमत झाली नाही. तुझी आई माझ्या मागोमाग आली. "साखर वरच्या डब्यात," एवढंच म्हणाली. मी पातेलं चुकीचं घेतलं, तिने ते हातातून काढून घेतलं आणि दुसरं दिलं. पहिल्यात मासे शिजवतात म्हणे. बाहेर आवाज चढत होते. एकदा मांजर ओरडली. एकदा मॅडमचा आवाज आला, त्या कोणाला तरी काहीतरी विचारत होत्या. एकदा सगळं शांत झालं आणि मला वाटलं, उठून गेले सगळे. मी दाराकडे वळलो तर तुझी आई म्हणाली, "उकळू दे आधी."

ट्रे घेऊन बाहेर आलो तर बायका नकाशाभोवती गोल बसल्या होत्या. मधली सगळी नावं निहार खोडरबराने पुसत होता. आणि नकाशाच्या चारी कडांनी, गळ्यातल्या माळेसारखी, एकामागून एक बायका आपली नावं लिहीत होत्या. कोणत्याही वलांडीवर कोणाचं नाव नाही. सगळ्यांची नावं मिळून सगळ्या जागेभोवती. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं प्रतीक्षा लिहीत होती आणि त्या शेजारी अंगठा उमटवत होत्या. आता कोणी विचारलं कोणाची, तर कागदावर नावं आहेत. कोणी विचारलं यातली कुठली कोणाची, तर ते बायकांनी आपसात बोलून घ्यायचं, लग्न बघून, पाऊस बघून, जसं आजवर घेत आल्या तसं.

ही कल्पना कोणाची ते मला कळलं नाही. निहार म्हणतो पारूकाकीची. पारूकाकी म्हणते पोरीची. प्रतीक्षा म्हणते, तिला आठवत नाही. मी चहा करत होतो.

मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. स्वतःचा नाही, मी फक्त आत गेलो होतो. तुझा. तू नसताना जे घडलं त्यासाठी तुझा.

तुझ्या आईने शेवटी सही केली. सावकाश, जोडाक्षराला जीभ बाहेर काढून. मग पेन परत दिलं नाही. "नयनीचं पन लिव," ती प्रतीक्षाला म्हणाली.

प्रतीक्षा माझ्याकडे बघायला लागली. "आजी, मॅडम तर..."

"दर सुट्टीत इथं बोंबील कोन वाळवत व्हतं मग? तू?"

प्रतीक्षाने लिहिलं. समुद्राकडच्या कडेला, तुझ्या आईच्या नावाला लागून. प्रोफेसर नाही, डॉक्टर नाही, नुसतं नयना. तुझं एवढं काम प्रसिद्ध झालं, पण त्यावर तुझं नाव आलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं. आणि ते अंगणातच.

निघताना प्राचार्य मॅडम चपला घालत उभ्या होत्या. रुमाल केव्हाच पर्समध्ये गेला होता. मी शनिवारच्या निर्णयाची वाट बघत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "पुढची अष्टमी कुठल्या वारी येते हो?"

मी मोबाइल चाचपायला लागलो. हे तू सांगायचीस ना, मला कधी लक्षात ठेवावं लागलं नाही. तेवढ्यात मोरीवरून, कप विसळता विसळता, प्रतीक्षा म्हणाली, "मंगळवारी, मॅडम. पण चारनंतर या. आधी मावश्या बाजारात असतात."

मॅडमनी ते डायरीत लिहून घेतलं.

त्या गेल्यावर प्रतीक्षा हात पुसत माझ्याजवळ आली. इकडेतिकडे बघून, हळू आवाजात म्हणाली, "सर, एक विचारू? ह्याला मार्क किती मिळतील?"

तू असतीस तर माझ्याकडे कसं बघितलं असतंस ते मला स्पष्ट दिसलं. 'बघ, म्हटलं होतं ना,' असं. आणि मी तुला म्हणालो असतो, पण मार्कांशिवाय ती इथवर आलीच नसती गं, आधी हे ऐक. आणि मग आपण बस येईपर्यंत भांडलो असतो.

नकाशावर तुझ्या नावाची शाई अजून वाळायची होती. वलांड्यांवरचे बोंबील हलत होते. मी प्रतीक्षाला म्हणालो, "बघतो."